हाजीसाहेबांचे रिव्हॉल्व्हर आणि रजिस्टरातली एक ओळ

लिहायला बसलो आहे खरा, पण आधी वाचकांची माफी मागतो. चौतीस वर्षे पोलीस खात्यात काढली. त्या काळात पंचनामे लिहिले, जबाब लिहिले, स्टेशन डायरी लिहिली, पण लेख कधी लिहिला नाही. भरती झालो तेव्हा बारावी पास होतो आणि फौजदार म्हणून निवृत्त झालो तेव्हाही बारावी पासच होतो. माझ्या भावंडांत आणि चुलत भावंडांत कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि तोही एकसष्टाव्या वर्षी, दुबईत मुलीकडे राहून, दूरशिक्षणाने. मुलगी माझ्या आधी पदवीधर झाली, म्हणून घरात मी तिचा ज्युनियर आहे. नातू रोज विचारतो, "आजोबा, डू यू ऑल्सो हॅव होमवर्क?" असतो. ऑनलाइन वर्गातल्या मराठीच्या बाई म्हणाल्या की एखादा अनुभव लिहा आणि इथल्या मराठी मंडळाच्या अंकालाही पाठवा. शब्द चुकले तर सांभाळून घ्यावे.

नोकरीत मोठ्या केसेस पाहिल्या. पण ज्या केसने मला खरे काही शिकवले ती निवृत्तीनंतर घडली, इथे, वाळवंटाच्या काठावरच्या एका शूटिंग क्लबात. त्या शनिवारी तिसऱ्या लेनवर दोन गोळ्यांचे आवाज आले आणि तिसरा आलाच नाही. ती शांतता माझ्या मनातून अजून गेलेली नाही. नावे कोणाचीच देत नाही. ती जुनी सवय आहे.

घरी बसून कंटाळलो होतो म्हणून या क्लबात रेंज सेफ्टीचे काम धरले. रास अल खोरहून कंपनीची बस निघते, तिच्यात मी सकाळी सातला बसतो. काम सोपे आहे. नेम धरणाऱ्याच्या मागे उभे राहायचे, नळीचे तोंड समोरच राहील हे पाहायचे, आणि कोणी चुकला तर मोठ्याने "सीझ फायर" म्हणायचे. शस्त्रागार उघडायला दोन माणसे लागतात. एक किल्ली आर्मररकडे, म्हणजे शस्त्रांची निगा राखणाऱ्याकडे, आणि दुसरी माझ्याकडे. उघडले की रजिस्टरात वेळ, कारण आणि दोघांच्या सह्या.

आर्मरर दापोलीकडचा. वय पस्तिशीचे, हात घड्याळजीसारखे, बोलणे कमी. मला तो काका म्हणतो. त्याची बायको आणि सात वर्षांची मुलगी गावी होत्या. त्यांना इथे आणण्यासाठी त्याला वरच्या ग्रेडचे नवे काँट्रॅक्ट हवे होते, आणि तो कागद मॅनेजरच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. त्याने दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात एक खोलीही पाहून ठेवली होती. खिडकीची लांबीरुंदी मापून बायकोला कळवली होती, पडद्यांसाठी.

आता रिव्हॉल्व्हरबद्दल. ते हाजीसाहेबांचे. हाजीसाहेब इथलेच, सत्तरीचे, एके काळी गणवेशातले. त्यांच्या तरुणपणी त्यांच्या साहेबांच्या कमरेला एक रिव्हॉल्व्हर असे, आणि यांना ते फक्त पुसायला मिळे. पुढे कंपनीने ते मॉडेल बंद केले. इतक्या वर्षांनी कंपनीने तेच रिव्हॉल्व्हर जुन्या घडणीप्रमाणे पुन्हा काढले, तेव्हा हाजीसाहेबांनी ते पहिल्या खेपेतच घेतले. परवाना त्यांच्या नावावर, वस्तू मात्र क्लबच्या शस्त्रागारात. पेटी उघडून त्यांनी मला हाक मारली. ते मला शुर्ता म्हणतात, म्हणजे पोलीस.

"आओ शुर्ता. देखो, मेरी जवानी वापस आई है. घुटने वही पुराने हैं."

खरोखर देखणी वस्तू. निळसर काळे पोलाद, अक्रोडाची मूठ, हातात घेतले की वजन बरोबर तळव्यात बसते. आमच्या वेळी फौजदाराला मिळायचे ते पॉइंट अडतीसचे सरकारी रिव्हॉल्व्हर याचेच गरीब भावंड. मला भरून आले, पण मी ते दाखवले नाही.

हे डबल ॲक्शन आहे. म्हणजे घोडा अंगठ्याने चढवावा लागत नाही. नुसता ट्रिगर ओढला की सिलिंडर फिरते, घोडा मागे जातो आणि आपोआप पडतो. ओढ लांब असते आणि जड असते. ती एकसारखी ओढायची, मध्ये थांबायचे नाही, घाई करायची नाही. या ओढीत माणूस कळतो. तापट माणूस झटका देतो आणि गोळी खाली जाते. भित्रा माणूस अर्ध्यावर थांबून विचार करतो. हाजीसाहेब दोन्ही करायचे. सप्टेंबरभर आम्ही दोघे त्या ओढीवर मेहनत घेत होतो, कारण शनिवारी सभासदांची मैत्रीची स्पर्धा होती आणि हाजीसाहेबांचे एक जुने मित्र त्यांना दर वर्षी हरवून वर्षभर कॉफीवर त्याचा उल्लेख करत असत.

स्पर्धेच्या दिवशी हाजीसाहेबांच्या पहिल्या सहा गोळ्या मी कधी पाहिल्या नव्हत्या इतक्या छान गेल्या. पाच काळ्या वर्तुळात, एक किंचित बाहेर. त्यांनी सिलिंडर बाहेर काढले, दांडी दाबून रिकामी काडतुसे पाडली, नवी सहा भरली. एक गोळी. दुसरी जरा ओढून. तिसऱ्याला ट्रिगर अर्ध्यावर गच्च बसला. मी सीझ फायर दिले. हाजीसाहेबांनी नळी समोर ठेवूनच डावा हात वर केला. शिकवलेले विसरले नाहीत याचा मला त्या क्षणीही अभिमान वाटला. आर्मररने मऊ हातोडीने हळूच ठोकून सिलिंडर बाहेर आणले, जिवंत काडतुसे काढली. मॅनेजरनी तिथेच फर्मावले की आता कोणी हात लावायचा नाही. रिव्हॉल्व्हर पिशवीत सीलबंद झाले.

मित्राने स्पर्धा जिंकली. हाजीसाहेब त्यांना म्हणाले, "इस बार मशीन से जीते हो, मुझसे नहीं." बाकी ते शांत होते.

मॅनेजर शांत नव्हते. ते केरळचे, शिस्तीचे, आणि त्यांचे म्हणणे चूक नव्हते. सभासदाचे खासगी शस्त्र भर स्पर्धेत अडकणे ही साधी गोष्ट नाही. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावले. म्हणाले, तुम्ही पोलीस होता, मंगळवारपर्यंत लेखी रिपोर्ट द्या. हेही म्हणाले की आर्मररचा हलगर्जीपणा निघाला तर त्याच्या नव्या कागदावर ते सही करणार नाहीत, जुने काँट्रॅक्ट संपले की खलास. कागद त्यांच्या कोपराखालीच होता. मला तो दिसत होता.

मी रीतसर तपास सुरू केला. आधी शस्त्रागाराचे रजिस्टर. रिव्हॉल्व्हर स्पर्धेआधी शेवटचे गुरुवारी बाहेर निघाले होते. सकाळी साडेआठ, कारण सफाई, सह्या आर्मररची आणि माझी. मॅनेजरनी त्याच ओळीवर बोट ठेवले. गुरुवारी सफाई झाली, तर शनिवारी अडकले कसे? म्हणजे सफाई नीट झाली नाही. मी मान हलवली. त्या ओळीतले अक्षर माझे होते, सही माझी होती, म्हणून मी ती ओळ तपासलीच नाही. दुसऱ्या कोणाची असती तर दहा वेळा वाचली असती.

मग खबर आली. कॉफी काउंटर सांभाळणारा नेपाळी गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाला की गुरुवारी दुपारी काचेतून त्याने आर्मररला पाहिले. एकेक शस्त्र हातात घेऊन तोंडाजवळ नेत होता.

"साब, वो हर गन में कुछ फूँक रहा था. मंत्र जैसा."

खबऱ्याचे अर्थ सोडायचे आणि डोळे तेवढे घ्यायचे, हे मी तरुणपणीच शिकलो होतो. मंत्र सोडला. फुंकर घेतली. म्हणजे गुरुवारी दुपारी आर्मररने शस्त्रे पुन्हा उघडली होती, आणि त्याची नोंद नव्हती. माझी किल्ली मीच जेवणाच्या सुट्टीत त्याच्याकडे दिली होती, हेही आठवले. तेही नियमाला धरून नव्हते.

चौकशीसाठी मी पँट्री निवडली. दोन कडक चहा घेतले. माणसाच्या हातात गरम पेला असला की तो खोटे जरा सावकाश बोलतो, असा माझा अनुभव आहे. मी विचारले, गुरुवारी दुपारी शस्त्रे उघडली होतीस? हो म्हणाला. कशासाठी? सफाईला.

"सकाळी सफाई झाल्याची नोंद आहे. एका दिवसात दोनदा?"

त्याने चहा ढवळला. साखर केव्हाच विरघळली होती.

"काका, माझ्याच हातून काहीतरी राहिलं असेल. लिहा तसं."

"तसं लिहिलं तर काय होईल, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"आणि पडद्यांचं माप?"

त्याने चहा संपवला, माझाही पेला उचलून धुतला आणि गेला.

इतक्या लवकर कबुली देणारा माणूस दोन प्रकारचा असतो. एक, ज्याला घरी जायची घाई आहे. दुसरा, जो कोणाला तरी वाचवतो आहे. याला घरी जायची घाई नव्हती, उलट घर इकडे आणायचे होते. मग वाचवतोय कोणाला? मी क्लबातल्या नऊ जणांची यादी केली. ड्रायव्हर, सफाईवाले, स्वागतकक्षातली मुलगी, अगदी मॅनेजरसुद्धा. यादीत माझे नाव नव्हते.

सोमवारी सकाळी सील फोडायचे ठरले. पंच म्हणून मॅनेजर आणि कॉफीवाले. आर्मरर भिंतीला टेकून उभा होता. मी मराठीत पंचनामा सुरू केला, सवयीने. मग लक्षात आले की तो पंचांपैकी कोणालाच वाचता येणार नाही, पण लिहीत राहिलो. रिकामे सिलिंडर आत ढकलले तर शेवटी जरा जोर लागत होता. बाहेर काढून पाठीमागून पाहिले. काडतुसे बाहेर ढकलणारी चांदणीसारखी चकती असते, ती एका बाजूने केसभर उचललेली होती. दांडी दाबली, चकती वर आली, खाली टॉर्च मारला. तेलात काहीतरी चिकटले होते. टूथपिकने काढून पांढऱ्या कागदावर ठेवले.

तांदळाची कणी. हळदीची पिवळी, एका टोकाला कुंकवाचा लाल ठिपका.

वाचकांनी ओळखले असेल. गुरुवारी दसरा होता.

खात्यात असताना एकही दसरा शस्त्रपूजेशिवाय गेला नाही. ठाण्यात टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर सगळी शस्त्रे, हळद, कुंकू, झेंडूची फुले, अक्षता. रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर मुद्दाम उघडे ठेवायचे, म्हणजे ते रिकामे आहे हे सगळ्यांना दिसते. इथला माझा पहिला दसरा. शस्त्रागारात इतकी शस्त्रे आणि एकालाही फूल नाही, हे मनाला पटेना. आर्मररला विचारले. तो म्हणाला, करा काका, पण साडेनवाच्या आत, मेंबर येतात. त्यानेच टेबलावर धुतलेला टॉवेल अंथरला. पूजा पाच मिनिटांत झाली. रजिस्टरात कारण काय लिहावे ते सुचेना, म्हणून मी लिहिले, सफाई.

माझ्या मनात शस्त्रपूजा म्हणजे शस्त्राचे भले. तिच्यामुळे शस्त्र अडकेल हा विचारच कधी शिवला नव्हता. पण सिलिंडर मी उघडे ठेवले होते आणि अक्षता मीच टाकल्या होत्या. कणी खाचेत पडून राहिली आणि हाजीसाहेबांनी दांडी दाबल्यावर चकतीखाली सरकली.

मॅनेजर वाकून पाहत होते. म्हणाले, हे न जळलेल्या बारुदाचे कण दिसतात, पिवळे असतात ना. म्हणजे सफाई नीट नव्हती. चष्मा त्यांनी टेबलावर काढून ठेवला होता.

मी आर्मररकडे पाहिले. तो माझ्याकडे पाहत होता आणि त्याने अगदी बारीक मान हलवली, असू दे अशा अर्थाने. क्षणभर, खरे सांगतो, मलाही असू दे असे वाटले. नवी नोकरी, परका मुलुख, मुलीच्या घरी राहणे, आणि बाहेर काढले तर नातवाला काय सांगू. चौतीस वर्षांत किती जणांना मी म्हटले असेन की खरे बोल, सुटशील. त्या वाक्याचे वजन मला त्या दिवशी कळले.

"सर, ये बारूद नहीं है," मी म्हणालो. "चावल है. मेरा है."

मग सगळे सांगितले. दसरा, पूजा, खोटी नोंद, दुपारी दिलेली किल्ली. मॅनेजरनी चष्मा लावला, कणी पुन्हा पाहिली. मग म्हणाले, आयुधपूजा आमच्याकडेही होते, पण आम्ही बुद्धी वापरतो, कुंकवाचा ठिपका फक्त मुठीला लावतो. कॉफीवाले हसू दाबायला बाहेर गेले.

मी आर्मररला कोपऱ्यात गाठले. विचारले, तुला माहीत होते?

"अंदाज होता. दुपारी बघितलं तर प्रत्येक शस्त्रात दोन-चार दाणे. फुंकून फुंकून काढले सगळे. ह्यातला एक राहिला."

"मग मी चहा पाजून विचारत होतो तेव्हा बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं, शस्त्रं उघडली होतीस का. तांदळाचं नाही विचारलंत." मग जरा थांबून म्हणाला, "पूजा करताना तुम्ही खूश होतात, काका. इथं आल्यापासून पहिल्यांदा."



हाजीसाहेबांना सांगायचे काम मी स्वतःकडे घेतले. त्यांनी सगळे ऐकले, कणी मागवली, तळहातावर ठेवून पाहिली आणि इतके हसले की त्यांना खोकला आला. म्हणाले, आमच्याकडे नवी वस्तू आली की आई तिला बुखूरचा, म्हणजे सुगंधी धुपाचा, धूर द्यायची, गाडीलासुद्धा.

"अगली बार बुखूर दो, शुर्ता. धुआँ अटकता नहीं."

लगेच त्यांनी मित्राला फोन लावून स्पर्धा पुन्हा घ्यायला लावली. आपण पोलिसाच्या प्रार्थनेमुळे हरलो, हे त्यांनी मित्राला मोठ्या समाधानाने सांगितले. दुसऱ्या खेपेलाही ते हरले, दोन गुणांनी. मग ते मॅनेजरना काहीतरी बोलले, आणि साफ केलेले रिव्हॉल्व्हर सहा गोळ्या भरून माझ्यासमोर ठेवले. मी आयुष्यात त्या जातीचे शस्त्र कामासाठीच चालवले होते, मजेसाठी कधी नाही. तिसऱ्या लेनवर उभा राहिलो. लांब, जड, एकसारखी ओढ. सिलिंडर फिरताना बोटाला कळत होते. घोडा पडला तेव्हा आवाजाआधी मला हसू आले. सहाच्या सहा काळ्यात गेल्या असे लिहायला आवडले असते. चार गेल्या.

मला लेखी ताकीद मिळाली आणि महिनाभर शस्त्रागाराची किल्ली काढून घेतली. ती शिक्षा योग्य होती. आर्मररवर दोष आला नाही. मॅनेजरनी कागदावर सही केली, पण पुढे तो हेड ऑफिसला गेला आणि तिथे अडकला. आठवड्यामागून आठवडे गेले. मी रोज विचारी आणि तो रोज म्हणे, इन्शाल्ला काका.

या केसने काय शिकवले ते मला नीट मांडता येईल की नाही, माहीत नाही. प्रयत्न करतो. ठाण्यात पूजा झाली की आम्ही बाकीचे पेढे खायला आत जायचो. संध्याकाळी शस्त्रे पुन्हा जागेवर लखलखीत दिसायची. मधल्या वेळेत शस्त्रागाराचे हवालदार एकटे बसून प्रत्येक नळीतून, प्रत्येक खाचेतून अक्षता झटकत असणार. चौतीस वर्षांत ते मला एकदाही दिसले नाही, कारण काम बिनबोभाट होत होते. आपल्या मागून कोणीतरी साफ करतो म्हणून आपली पूजा निर्विघ्न होते. आणि काही अडकले की पहिला संशय त्याच्यावरच जातो, कारण हात त्याचा लागलेला असतो. आता मी तपासाची यादी केली तर पहिले नाव स्वतःचे लिहीन. रजिस्टरात मी त्या गुरुवारची ओळ खोडली नाही, तसा नियम नाही. खाली तारीख घालून लिहिले: वरील नोंद चुकीची, खरे कारण शस्त्रपूजा. शेजारी सही केली. आर्मररनेही केली, न मागता.

लेख इथेच संपवणार होतो. काल दुपारी बसमध्ये शेवटच्या ओळी जुळवत असताना फोन वाजला. आर्मररचा आवाजी निरोप होता. मागे कोणाचा तरी व्हिडिओ कॉल चालू असावा, कारण एक लहान मुलगी अब्बू अब्बू करत होती आणि एक बाई तिला गप्प करत होती.

"काका, व्हिसा आला. दोघींचा. महिनाअखेरीला उतरतात. त्यानंतरच्या शुक्रवारी तुम्ही सगळे जेवायला यायचं, घरची बोलावतेय. बिर्याणी करायची आहे." थोडा थांबला. हसत होता. "तांदूळ आमचा आहे. तुम्ही येताना आणू नका."